घरफोड्यांचा हिशेब आणि जन्माचा डाग

घरास कुलूप लावून मनुष्य बाहेर पडतो, तेव्हां तो आपली चीजवस्त शेजाऱ्यांच्या, पहारेकऱ्याच्या व सरकारच्या भरंवशावर ठेवून जातो. हा भरंवसा नसेल तर कुलूप कितीही मजबूत असलें तरी तें निरुपयोगी होय. म्हणूनच घरफोडी झाली म्हणजे दागिना व रोकड यांच्याबरोबर घरच्या माणसांची झोपही जाते. मोडलेला कडीकोयंडा सुतार दुसऱ्या दिवशीं बसवून देतो. परंतु परक्या माणसाचा हात आपल्या कपाटांतील वस्त्रांवरून फिरला, ही जाणीव त्या घरांतील स्त्रियांस व वृद्धांस पुढें कित्येक महिने स्वस्थ बसूं देत नाहीं. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी आली, कुटुंबें गांवीं गेलीं, कीं महाराष्ट्राच्या शहरांतून बंद घरें फुटल्याच्या बातम्या सुरू होतात, आणि त्यांच्यामागोमाग दोन वाक्यें घरोघर ऐकूं येऊं लागतात. पहिलें, ‘घरफोड्या अतोनात वाढल्या’. आणि दुसरें, ‘हें काम अमक्या जातीच्या लोकांचें.’ हीं दोन्ही वाक्यें इतक्या सहजपणें उच्चारलीं जातात कीं, त्यांस आधार काय असें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आमच्या मतें राज्यांतील घरांची सुरक्षितता चोरांमुळें जितकी धोक्यांत येते, तितकीच ती या दोन वाक्यांमुळेंही येते. तें कसें, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

पहिल्या वाक्याची गोष्ट आधीं घेऊं. देशांतील गुन्ह्यांची वार्षिक मोजदाद १९५३ सालापासून प्रसिद्ध होत आली आहे, आणि १९८६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग हें काम पाहतो. दर एक लाख लोकसंख्येमागें अमुक घरफोड्या, असा प्रत्येक राज्याचा दर त्यांत दिलेला असतो, आणि हे कोष्टक हातीं पडलें कीं आमचे पुढारी व टीकाकार राज्याराज्यांची शर्यत लावतात. परंतु या दराच्या पोटांत काय आहे? एक तर हा आंकडा घडलेल्या घरफोड्यांचा नसून पोलीस ठाण्यांत नोंदलेल्या घरफोड्यांचा आहे. दुसरें असें कीं, एकाच प्रकरणांत अनेक गुन्हे घडले असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजावयाचा, असा या मोजदादीचा नियम आहे; म्हणजे घर फोडून चोरानें घरधन्याचा खून केला तर तें प्रकरण खुनाच्या रकान्यांत जातें व घरफोडीच्या रकान्यांतून नाहींसें होतें. तिसरें असें कीं, महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत ११ कोटी २४ लक्ष भरली. त्यानंतरची २०२१ सालची जनगणना ठरल्या वेळीं झाली नाहीं, म्हणून मधल्या वर्षांचा दर अंदाजी लोकसंख्येवर काढावा लागला. गुन्हे वाढणें आणि गुन्ह्यांची नोंद वाढणें या अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हा इशारा स्वतः हा विभागच आपल्या अहवालांतून देत आला आहे. तो इशारा वाचण्याइतका धीर आम्हांस नसतो, एवढेंच.

या उतावळेपणाचें फळ विपरीत होतें. ज्या जिल्ह्यांतील अधिकारी प्रत्येक तक्रार प्रामाणिकपणें लिहून घेतो, त्याच्या जिल्ह्याचा दर चढतो व त्याजवर ठपका येतो. आणि जो फिर्याद्यास ‘साधा अर्ज देऊन ठेवा, पाहूं’ म्हणून वाटेस लावतो, त्याच्या जिल्ह्यांत कागदोपत्रीं रामराज्य नांदतें. ताप मोजणाऱ्या वैद्यास ताप आणल्याबद्दल दोष द्यावयाचा, आणि नाडीस हात न लावणाऱ्याचा सत्कार करावयाचा, असा हा न्याय आहे. घरफोडीचा दर शून्याकडे नेण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे नोंदवही मिटून ठेवणें हा होय. आणि ज्या राज्यकारभारांत या उपायास बढती मिळते, तेथें घरें सुरक्षित होण्याची आशा करणें व्यर्थ आहे.

नोंद न होण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. बंगल्यांत राहणाऱ्या गृहस्थाचें घर फुटलें तर त्याची ओळखपाळख व त्याचा वकील त्याची फिर्याद लिहवून घेतात. परंतु झोपडपट्टींतील पत्र्याचें दार उचकटून कोणी बाईचें एकुलतें एक मंगळसूत्र, स्वयंपाकाच्या वायूची टाकी व पोराच्या शाळेसाठीं सांठविलेले पैसे नेले, तर तिनें एका दिवसाची मजुरी बुडवून ठाण्याच्या बांकावर बसावें, आणि संध्याकाळीं ‘बिल आहे का?’ या प्रश्नास उत्तर नाहीं म्हणून परत यावें, हा अनुभव नवा नाहीं. बंगल्याच्या मालकास शंभर तोळ्यांनीं जेवढा धक्का बसत नाहीं, तेवढा तिला दोन तोळ्यांनीं बसतो. राज्याच्या कोष्टकांत मात्र पहिली चोरी दिसते व दुसरी दिसत नाहीं.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ललिताकुमारी खटल्यांत १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं दिला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें, गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दींत घडला असो, त्याची खबर घेण्याचें बंधन पोलिसांवर घातलें आहे. विद्युत्साधनांनीं पाठविलेली खबरही, ती देणाऱ्यानें तीन दिवसांत सही केली म्हणजे, नोंदवून घ्यावी लागते. तपास कोठवर आला हें फिर्याद्यास नव्वद दिवसांच्या आंत कळविण्याचेंही कर्तव्य १९३ व्या कलमानें पोलिसांवर आहे. हे हक्क किती फिर्याद्यांस ठाऊक असतात? ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहून लावण्यास असा कितीसा खर्च येईल?

आतां घरफोडीच्या स्वरूपाकडे वळूं. १८६० च्या दंडसंहितेनें घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. भिंत फोडून वाट करणें, मनुष्याच्या येण्याजाण्याची नव्हे अशा वाटेनें चढून शिरणें, कुलूप उघडणें इत्यादि ते प्रकार नव्या न्यायसंहितेंतही तसेच आले आहेत. चोरीच्या हेतूनें दिवसा घर फोडल्यास दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत फोडल्यास चौदा वर्षांपर्यंत कैद, हा भेदही तसाच आहे. ज्या काळीं रात्र म्हणजे काळोख, आणि दिवस म्हणजे ओसरीवर बसलेली म्हातारी माणसें, असा हिशेब होता, त्या काळास हा भेद साजेसा होता. आज नवराबायको दोघें कामावर, मुलें शाळेंत, शेजारच्या बिऱ्हाडाचें दार बंद, आणि जिन्यांत कोण चढलें हें विचारणारें कोणी नाहीं, अशी अवस्था आहे. मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक या शहरांतील सदनिकेस सकाळीं अकरा वाजतां जी शांतता असते, ती चोरास मध्यरात्रीइतकीच सोयीची आहे. घर राखणारा मुख्य पहारेकरी म्हणजे शेजार. तो आम्ही आमच्याच हातांनीं रजेवर पाठविला आहे.

असो. चोर येऊन गेल्यावर त्याचा माग काढण्याचें साधन कोणतें? येथें आम्ही दुसऱ्या वाक्याकडे येतों. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखणारें जगांतील पहिलें कार्यालय १८९७ सालीं आपल्याच देशांत, कलकत्त्यास, स्थापन झालें. आणि त्या ठशांचें वर्गीकरण बसविण्यांत अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. नव्या संहितेच्या १७६ व्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यांत न्यायवैद्यक शास्त्राच्या तज्ज्ञानें गुन्ह्याच्या जागीं जाऊन पुरावा गोळा करावा. आणि ही तरतूद लागू करण्यास राज्यांस पांच वर्षांची मुदत दिली आहे. चोरीसाठीं केलेली घरफोडी, दिवसाची असो वा रात्रीची, या मर्यादेंत येते. म्हणजे शास्त्र आमच्या घरीं आहे व कायदाही आतां त्याच्या मागें उभा आहे. असें असतां घर फुटलें कीं ठसा शोधण्याआधीं जात शोधावयाची, ही खोड आमच्यांतून जात नाहीं!

ही खोड आली कोठून? १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांस लागू होता. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासकट सर्व हिंदुस्थानास लागू करण्याची सोय झाली. मनुष्यानें काय केलें हें न पाहतां तो कोणाच्या पोटीं आला हें पाहून त्याचें नांव पोलिसांच्या पटावर चढवावयाचें, त्यानें ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची, दाखल्यावांचून गांवाबाहेर जावयाचें नाहीं, असा हा कायदा होता. सोलापुरास तारेच्या कुंपणांत कुटुंबेंच्या कुटुंबें ठेविलीं गेलीं, आणि त्या कुंपणांत जन्मलेलें मूल पाळण्यांतच संशयित ठरलें. जन्मावरून उच्चनीच ठरविण्याची विद्या आम्हांस इंग्रजानें शिकविली नाहीं. ती आमचीच होती. त्यानें तिला फक्त नोंदवही, शिक्का व शिपाई दिले, आणि आम्ही त्याबद्दल फारशी कुरकुर केली नाहीं, कारण तारेच्या आंत आमचीं मुलें नव्हतीं.

ज्या लोकांस जन्मजात चोर ठरविलें त्यांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे तर या समजुतीचा पोकळपणा डोळ्यांत भरतो. रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, राजपूत भामटा, राजपारधी इत्यादि चौदा जमाती आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत आहेत. यांपैकीं रामोशी म्हणजे कोण? पेशवाईत व तिच्या आधींही गांवाचा आणि किल्ल्याचा पहारा ज्यांच्याकडे असे, तेच हे लोक. गांवांत चोरी झाली कीं पहारेकऱ्यानें पावलांचा माग काढीत जावें. माग शेजारच्या गांवाच्या शिवेंत शिरला तर पुढील जबाबदारी त्या गांवाची. आणि माग लागलाच नाहीं तर नुकसानीची भरपाई पहारेकऱ्याच्या माथीं, अशी ही व्यवस्था होती. पुढें कंपनी सरकारनें त्यांचीं वतनें व हक्क काढून घेतले, तेव्हां उमाजी नाईकानें बंड केलें, व ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यास फांशी झाली. इतकें होऊनही पुण्याच्या छावणींतील साहेबलोक आपल्या बंगल्यांवर रामोश्याचाच पहारा ठेवीत! ज्याच्या हातीं गांवानें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या किल्ल्या दिल्या, तोच पोट भरण्याचें साधन हिरावून घेतल्यावर एकाएकीं रक्तानें चोर कसा झाला, याचें उत्तर जातीचा सिद्धांत मांडणारांनीं द्यावें.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून हे लोक आजही विमुक्त दिन पाळतात. परंतु सराईत गुन्हेगारांविषयींच्या कायद्यांच्या रूपानें त्याची सांवली मागें राहिली, आणि त्याहून गडद सांवली लोकांच्या मनांत राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ सालच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुशिक्षित मराठी समाजानें तें पुस्तक वाचलें, हळहळ व्यक्त केली, आणि पुढची घरफोडी होतांच पुनः गांवाबाहेरच्या पालांकडे बोट दाखविलें. सर्वोच्च न्यायालयास २०२४ सालीं दोनदां या गोष्टीची दखल घ्यावी लागली. अमानतुल्ला खान प्रकरणांत, केवळ पूर्वग्रहावरून मागास समाजाच्या लोकांचीं नांवें पोलिसांच्या पाळतीच्या कागदांत यांत्रिकपणें घालूं नयेत, असें त्यानें बजाविलें. आणि सुकन्या शांता खटल्यांत ३ ऑक्टोबर रोजीं तुरुंगाच्या नियमांतील जातिभेद रद्द करतांना, विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीनें अटक होतां कामा नये, असेंही सांगितलें. स्वातंत्र्य मिळून सत्याहत्तर वर्षें लोटल्यावर न्यायासनास हें सांगावें लागावें, यांत आम्हां सर्वांची शोभा आहे काय?

यावर कोणी म्हणतील, ‘हें तत्त्वज्ञान ठीक आहे, परंतु पोलिसांचा अनुभव निराळा आहे. पकडले जातात ते बहुधा याच लोकांपैकीं असतात.’ आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचें उत्तरही सरळ दिलें पाहिजे. जेथें जाळें टाकावें तेथलेच मासे सांपडावयाचे. दर चोरीनंतर पालावरच झडती घेतली, तर पालावरचीच माणसें हातीं लागणार. त्यांच्या अटकेचे आंकडे फुगणार. आणि ते आंकडे दाखवून पुढची झडतीही तेथेंच होणार. या जमातींत चोरी करणारा कोणीच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. चोर सर्व जातींत आहेत, आणि ज्यानें चोरी केली त्यास शिक्षा झालीच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गुन्हा मनुष्याचा असतो, जमातीचा नसतो. शिवाय निव्वळ स्वार्थाच्या दृष्टीनें पाहिलें तरी हा संशय घरधन्यास महाग पडतो. पोलीस पालावरच्या पोरास दोन दिवस बसवून ठेवतात तोंवर खरा चोर जिल्ह्याची हद्द ओलांडतो, दारावरचे ठसे पुसले जातात, आणि सोनें मुशींत वितळतें.

संशय अफवेस जाऊन मिळाला म्हणजे तर तो माणसें मारतो. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, मुलें पळविणारी टोळी आली या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठेंचून मारलें. पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, चोर व मुलें पळविणारे फिरत आहेत अशा अफवांनीं भडकलेल्या जमावानें दोन साधूंस व त्यांच्या गाडीच्या चालकास पोलिसांदेखत ठार केलें. या आठ जणांपैकीं कोणी कोणाचें घर फोडलें नव्हतें. घराच्या रक्षणासाठीं रात्रीं काठी घेऊन उठलेला गांव सकाळीं खुनी म्हणून जागा होतो, याहून मोठी असुरक्षितता ती कोणती?

मग खरा उपाय काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें चोराहून अधिक लक्ष चोरीच्या गिऱ्हाइकाकडे दिलें पाहिजे. घरफोड्यास सोनें खातां येत नाहीं. तें कोणीतरी विकत घेतो, वितळवितो व पुनः दुकानांत मांडतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारास कायद्यानें शिक्षा आहे, आणि तो धंदाच करणारास तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परंतु पालावरची झडती जशी पहांटे धडकते, तशी बाजारपेठेंतील गादीवर क्वचितच धडकते. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या प्रमाणित दागिन्यावर सहा अक्षरांची स्वतंत्र खूण असते. घरधन्यानें ती खूण, बिल व दागिन्याचें छायाचित्र जपून ठेविलें, आणि जुनें सोनें घेणारानें विकणाराची ओळख व खूण नोंदून ठेविली, तर चोरीचें सोनें खपविणें बरेंच अवघड होईल.

सरकारकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. नोंद वाढली म्हणून अधिकाऱ्यास दोष देऊं नये. नोंद टाळली म्हणून मात्र अवश्य जाब विचारावा. न्यायवैद्यक पाहणीची तरतूद राज्यभर लागू करतांना मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नये, आणि ती बंगल्याप्रमाणें झोपडीसही लागू आहे हें विसरूं नये. सांपडलेला माल मालकास लवकर परत मिळावा. मौल्यवान वस्तु पंचनामा व छायाचित्र करून सत्वर परत द्याव्या, असें सर्वोच्च न्यायालयानें सुंदरभाई देसाई खटल्यांत २००२ सालींच सांगितलें. नव्या संहितेनें तर न्यायालयापुढें माल आल्यापासून चौदा दिवसांत त्याची यादी व पुढें तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम, असा क्रम घालून दिला आहे. आईचें मंगळसूत्र मुद्देमालाच्या खोलींत वर्षानुवर्षें कुजत पडूं नये, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. आणि विमुक्त वस्त्यांस कायमची जागा, शाळा व दाखले द्यावे. ज्याच्या नांवावर घर नाहीं, त्याजकडून दुसऱ्याच्या घराविषयीं आदराची अपेक्षा करणाऱ्या राज्यानें आधीं आपलें कर्तव्य केलें पाहिजे.

नागरिकांसही आम्ही दोन शब्द सांगतों. लक्षावधींचीं सदनिका घेणारे लोक जिन्याखालच्या पहारेकऱ्यास बारा बारा तास उभा ठेवून तुटपुंजा पगार देतात, त्यास बसावयास नीट खुर्चीही देत नाहींत, आणि चोरी झाली कीं पहिला संशय त्याजवर व धुणीभांडीं करणाऱ्या बाईवर घेतात. पहारेकऱ्यांच्या हितासाठीं महाराष्ट्रानें १९८१ सालीं कायदा केला, आणि खासगी पहारा पुरविणाऱ्या संस्थांस २००५ च्या कायद्यानें परवाना आवश्यक केला. आपल्या इमारतीचा पहारा कोणत्या अटींवर चालतो, हें किती गृहस्थ विचारतात? भिंतीवर डोळा लावणारीं यंत्रें बसवावीं, कुलपें मजबूत करावीं, गांवीं जातांना शेजाऱ्यास सांगून जावें. परंतु त्यासाठीं शेजाऱ्याचें नांव तरी ठाऊक असलें पाहिजे! गांवांतील सुरक्षा दलांनीं रात्रीं अवश्य फिरावें. पण परका मनुष्य दिसला तर त्यास अडवून पोलीस पाटलास कळवावें, आणि हातांतील काठी त्याच्या अंगावर पडूं देऊं नये.

घरफोडी हा एका घरावरचा घाला असतो. जातीवरचा सरसकट आरोप हा हजारों घरांवरचा घाला असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही कोष्टकांत होत नाहीं. ज्या राज्यांत बंगल्यांतील कुटुंब निर्धास्त झोंपतें, पण माळावरच्या पालांतील माता पहांटेच्या मोटारीच्या आवाजानें दचकून मुलास पोटाशीं धरते, त्या राज्यांत घरें सुरक्षित आहेत असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. पालही घरच आहे. त्याच्या दाराला कडी नसली तरी त्याच्या उंबरठ्याचा मान तोच आहे. हा मान राखून तपास करणारे पोलीस, खरी नोंद ठेवणारें सरकार आणि ठशाआधीं जात न विचारणारा समाज, हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे चोरास लपावयास जागा उरणार नाहीं. तोंवर आम्ही कितीही जाड कुलपें लाविलीं तरी त्यांच्या किल्ल्या चोराच्याच हातीं राहणार.